फेझची जुनी मदिना पाहताना या चुका टाळा

मोरोक्कोतील फेझ शहराच्या जुन्या मदिनेत, म्हणजे फेझ अल्-बाली या तटबंदीच्या आतल्या जुन्या वस्तीत, बहुतेक प्रवासी पहिली चूक करतात ती मोबाइलमधल्या नकाशावर विसंबण्याची. उंच भिंतींमधल्या अरुंद बोळांत नकाशावरचा ठिपका भलत्याच गल्लीत उभा दिसतो आणि समोरची वाट एखाद्या घराच्या दाराशी संपते. त्याऐवजी जमिनीचा उतार ओळखावा. पश्चिमेकडचे बाब बू जलूद हे 1913 साली बांधलेले प्रवेशद्वार उंचावर आहे, तर करावियीन मशीद खाली, नदीच्या बाजूला. दोन्हींना जोडणाऱ्या मुख्य रस्त्याचे नाव तला कबीरा, म्हणजे ‘मोठा चढ’. त्यामुळे वाट चुकलात तर चढाच्या दिशेने चालत राहावे. उशिरा का होईना, ओळखीचा रस्ता लागतो.

‘पुढे रस्ता बंद आहे’ असे सांगून सोबत येणाऱ्या अनोळखी माणसामागे जाऊ नये, कारण ती वाट बहुधा एखाद्या दुकानात नेते आणि शेवटी पैसे मागितले जातात. वाटाड्या हवाच असेल तर अधिकृत ओळखपत्र असलेला घ्यावा आणि मोबदला, वेळ व दुकानांत थांबायचे की नाही हे निघण्यापूर्वीच ठरवावे. मागून ‘बालक!’ (अरबीत ‘सांभाळा!’) अशी हाक आली, तर लगेच भिंतीशी सरकावे. ती ओझे लादलेल्या खेचराला वाट देण्याची सूचना असते.

परंपरेनुसार 859 साली फातिमा अल्-फिहरी यांनी स्थापन केलेल्या करावियीनमध्ये मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. दार उघडे असल्यास बाहेरूनच अंगण पाहावे आणि दाराशी हुज्जत घालू नये. मरिनी राजवंशाच्या काळातील कोरीव लाकूड, गिलावा आणि रंगीत फरशा जवळून पाहायच्या असतील, तर शेजारची अत्तारीन मदरसा आणि वरच्या बाजूची बू इनानिया मदरसा यांना निवांत वेळ द्यावा. अत्तारीन हे नाव लगतच्या सुगंधी द्रव्ये व मसाल्यांच्या बाजारावरून पडले आहे. आपल्या ‘अत्तर’ शब्दाचे मूळही तेच.

शुवारा येथील चामडे कमावण्याचे हौद सकाळी पाहावेत, कारण तेव्हा कामगार कामात असतात. चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरून कातडी मऊ करतात, त्यामुळे दर्प उग्र असतो आणि दुकानदार नाकाशी धरायला पुदिना देतात. हौद दिसतात ते बहुतेक चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून, म्हणून वर चढण्यापूर्वीच पैसे द्यावे लागतील का, हे विचारावे. हौदात उतरलेला माणूस अतिशय कष्टाचे काम करत असतो. त्याचा जवळून फोटो परवानगीशिवाय घेऊ नये.

बाजारासाठी शुक्रवार टाळावा, कारण दुपारच्या नमाजाच्या सुमारास बरीच दुकाने बंद होतात. दिवस संपता संपता थकलेल्या पायांनी पुन्हा बू जलूदपर्यंत चढण्याचीही गरज नसते. मदिनेच्या खालच्या बाजूच्या र्सिफ चौकापर्यंत गाड्या येतात. तिथून लाल रंगाची छोटी टॅक्सी घ्यावी, मात्र बसताच मीटर सुरू करायला सांगावे. तिच्यात तिघांहून अधिक प्रवासी घेत नाहीत, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला दोन टॅक्स्या कराव्या लागतात.