मुंबईच्या प्रवासी बोटींची नोंदवही नाशिकमध्ये बसून कशी करावी

वैतरणा नदी उगम पावते त्र्यंबकच्या डोंगरात. तिचंच नाव दिलेली एक आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवी बंदरातून मुंबईकडे निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून जास्त माणसांसह नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून गुजरातेत तिला सगळे ‘वीजळी’च म्हणत. आजही तिथे तेच नाव चालतं. आता ‘वीजळी’ हे नाव घेऊन जहाजांच्या जुन्या याद्या कितीही चाळल्या तरी हाती काही लागत नाही, कारण कागदावर ती कायम ‘वैतरणा’च होती.

प्रवासी बोटींचा इतिहास लिहायला बसलेले बहुतेक जण इथेच अडकतात. बोटीचं नाव बदलतं, एकच नाव दुसऱ्या बोटीला मिळतं, लोक भलतंच नाव लावतात. बदलत नाही तो फक्त सांगाडा, म्हणजे गोदीत एकदाच बांधलेली ती बोट. म्हणून नोंद करायची ती सांगाड्याची. नाव ही त्या सांगाड्याची एक बाब.

वही आखताना

एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये दोन पानं करा. पहिल्या पानावर एका ओळीत एकच सांगाडा. रकाने साधारण असे: तुम्ही दिलेला क्रमांक, बांधणाऱ्या गोदीचं नाव आणि तिथला यार्ड क्रमांक (गोदीने त्या बोटीला दिलेला), पाण्यात सोडल्याचं वर्ष, बांधून पूर्ण झाल्याचं वर्ष, लांबी-रुंदी-खोली, टनेज, इंजिन वाफेचं की डिझेलचं, बोट ढकलणारे पाण्यातले पंखे (प्रोपेलर) किती, शेवट काय झाला. दुसऱ्या पानावर नावं, मालक आणि मार्ग: प्रत्येक बदलाला वेगळी ओळ, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने, आणि पहिल्या पानावरचा क्रमांक. नावं पहिल्याच पानावर ‘पूर्वीचं नाव’ अशा रकान्यात कोंबली, की तिसऱ्या नावाला जागा उरत नाही आणि कोणतं नाव कोणत्या मालकाच्या काळातलं हेही कळेनासं होतं.

तारखांच्या बाबतीत एक्सेल फसवतं. त्याचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० पासून सुरू होतं. १८८८ ची तारीख टाकली की ते तिला तारीख न मानता नुसता मजकूर समजतं आणि क्रमवारी लावताना जुन्या बोटी यादीच्या शेवटी जाऊन बसतात. वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने केले की प्रश्न मिटतो. अर्धवट माहितीचीही सोय होते, कारण बऱ्याचदा फक्त वर्षच मिळतं. या रकान्यांत आकडे इंग्रजी लिपीत भरा; देवनागरी आकड्यांना एक्सेल संख्या मानेलच असं नाही. छापताना बदलून घेता येतात.

प्रत्येक ओळीला ‘पुरावा’ हा रकाना हवाच, आणि त्यात ‘पुस्तकातून’ असं मोघम लिहून भागत नाही. कोणत्या वर्षीची यादी, कोणतं पान, कोणत्या तारखेचा अंक हे लिहा. सहा महिन्यांनी दोन नोंदी एकमेकींशी भांडायला लागल्या की न्याय द्यायला हाच रकाना उपयोगी पडतो.

क्रमांक कोणता धरायचा

ब्रिटिश नोंदणीतल्या जहाजांना १८५५ पासून अधिकृत क्रमांक मिळू लागले. मालक बदलो, नाव बदलो, त्या नोंदणीत असेपर्यंत क्रमांक तोच राहतो. मुंबईत नोंदलेल्या वाफेच्या बोटींनाही ते आहेत. १९४७ पूर्वीच्या बोटींसाठी हा क्रमांक मिळाला की निम्मं काम झालं.

अलीकडच्या बोटींसाठी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक पाहा. ही पद्धत १९८७ साली ठरली आणि १९९६ पासून आंतरराष्ट्रीय वाहतुकीतल्या १०० टन आणि त्यावरच्या प्रवासी जहाजांना बंधनकारक झाली. सात आकड्यांचा हा क्रमांक उतरवून घेताना चूक झाली का, ते कागदावर तपासता येतं. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. उदाहरणार्थ ९०७४७२९: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९. शेवटी ९, म्हणजे बरोबर. जुळलं नाही तर फोटो मोठा करून पुन्हा वाचा. गंज चढलेल्या पत्र्यावर ३ आणि ८ यांत हमखास गफलत होते.

गेटवेहून सुटणाऱ्या लाकडी लाँचना आयएमओ क्रमांक नसतो. तिथे राज्याच्या नोंदणीचा क्रमांक हाच आधार. महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झालं १९९६ साली. त्याआधीचे कागद बंदर खात्याच्या नावाने शोधावे लागतात.

टनेज लिहिताना कोणतं टनेज तेही लिहा. जुनं ‘ग्रॉस’ टनेज हे वजन नव्हे, बंदिस्त जागेचं माप आहे: १०० घनफूट म्हणजे एक टन. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर, जो १९८२ मध्ये अमलात आला, मोजायची रीतच बदलली. १९३६ च्या बोटीचे टन आणि १९९७ च्या बोटीचे टन शेजारी ठेवून ‘एवढ्या पटीने मोठी’ असं लिहिलं तर ते चूकच.

नाशिकमध्ये काय मिळतं

सुरुवात घरी बसून होते. लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या वार्षिक यादीचे जुने खंड स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. १९३० ते १९४५ चे तर फार चांगले वाचता येतात. ब्रिटिश ‘मर्कंटाइल नेव्ही लिस्ट’चेही अनेक वर्षांचे खंड आहेत, त्यात अधिकृत क्रमांक आणि मालक सापडतो. लॉइड्समध्ये साधारण १०० टनांवरच्याच बोटी असतात. बंदरातली छोटी लाँच तिथे दिसली नाही म्हणून ती नव्हतीच असं समजू नका.

सर्च करताना स्पेलिंग सढळ हाताने बदला. ‘व’ साठी कुठे व्ही, कुठे डब्ल्यू; ‘ई’ साठी कुठे आय, कुठे डबल ई. कोकण किनाऱ्यावर हिरावती, प्रभावती, चंद्रावती, चंपावती अशा ‘वती’वाल्या बोटी होत्या. यातली प्रत्येक किमान दोन स्पेलिंगांनी शोधायची, शिवाय स्कॅनमधली अक्षरं मशीनने चुकीची वाचलेली असतात ते वेगळंच. नाव सापडेना तर मालकाच्या किंवा नोंदणीच्या बंदराच्या नावावरून पानं उलटा. ‘नाशिक’ नावाचं जहाज शोधायला गेलात तर नौदलाची ‘नाशक’ पुढ्यात येईल आणि ‘गोदावरी’ शोधलंत तर त्या नावाची फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका. दोन्हींचा प्रवासी वाहतुकीशी संबंध नाही, सोडून द्या.

त्यानंतर टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय. १८४० पासूनची संस्था आहे. तिथे जुने गॅझेटिअर मागा: रत्नागिरी-सावंतवाडीचा १० वा खंड (१८८०) आणि कुलाब्याचा ११ वा (१८८३). त्यातली बंदरांची आणि व्यापाराची प्रकरणं वाचली की आगबोट कुठल्या बंदरात थांबायची, हंगाम कोणता, हे कळतं. नाशिकचा १६ वा खंडही बरोबर घ्या. त्याच्या व्यापाराच्या प्रकरणात जिल्ह्यातल्या नद्यांवरच्या तरींचा (उतारू पार करणाऱ्या होड्यांचा) उल्लेख आहे, आणि १८६८ च्या फेरी कायद्याखाली तरींचे लिलाव कसे होत हा आणखी एक वेगळा विषय निघू शकतो. जुनी वर्तमानपत्रं चाळताना बातम्यांपेक्षा जाहिराती आधी पाहा. बोट कंपनीच्या जाहिरातीत सुटण्याची वेळ, बंदरं आणि बोटीचं नाव तिन्ही एकत्र मिळतात; बातमीत बोट येते ती बहुतेक बुडाल्यावरच.

मालकाच्या रकान्यात लोकांच्या तोंडचं नाव आणि कागदावरचं नाव दोन्ही लिहा. कोकणात ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत ती कागदोपत्री इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. परदेशी मालकांशी स्पर्धा होती, उतारू आपल्याकडे ओढायचे होते, म्हणून बोटींना ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी नावं दिली. ख्रिस्ती उतारूंसाठी ‘सेंट अँथनी’. नावांची अशी रीत एकदा लक्षात आली की अनोळखी बोट कोणत्या कंपनीची असेल याचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. पुराव्याच्या रकान्यात ‘नावावरून’ असं स्वच्छ लिहा.

आठवणी घेताना

सातपूर, सिडको, नाशिकरोडला कोकणातून नोकरीसाठी आलेली घरं पुष्कळ. तिथल्या आजी-आजोबांनी बोटीने प्रवास केलेला असतो. पण ‘आजोबा, तुम्ही रोहिदासने जायचात का?’ असं विचारलंत की ते हो म्हणणार. नाव आपण पुरवायचं नाही. आधी बंदर विचारा: ‘आजोबा, उतरायचात कुठे? हर्णैला की जैतापूरला?’ मग, बोट धक्क्याला लागायची की बाहेर उभी राहायची आणि पडाव (उतारू किनाऱ्याला नेणारी होडी) यायचा? पडावात उतरताना शिडी होती की खलाशी हात धरून सोडायचा? धुराड्याचा रंग, डेकवर कुठे बसलात, बरोबर काय सामान होतं. नाव ओघात आपोआप येतं, आणि तसं आलेलं नाव जास्त भरवशाचं असतं.

हंगामाची कसोटी लावा. कोकणची लांब पल्ल्याची बोट पावसाळ्यात बंद असायची आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत झाला की पुन्हा सुटायची. कुणी ‘आषाढात मालवणला बोटीने गेलो’ म्हणालं तर महिना पुन्हा विचारा. मात्र मुंबई बंदराच्या आतल्या, रेवस-धरमतरकडच्या फेऱ्यांना ही कसोटी लागू नाही. ‘रामदास’ भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना बुडाली ती १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात. १९३६ साली स्वान हंटरच्या गोदीत बांधलेली ही बोट. मेलेल्यांचा आकडा सहाशेच्या वर, पण छापील मजकुरांत तो एकसारखा नाही. अशा वेळी एक आकडा निवडून मोकळं होऊ नका. प्रत्येक आकडा त्याच्या तारखेसह लिहा. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा आणि चौकशीनंतरचा आकडा वेगळाच असणार.

काळाचीही कसोटी आहे. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी नोव्हेंबर १९२७ मध्ये एकाच दिवशी बुडाल्या. १९३५ साली ‘तुकाराम’ने गेल्याची आठवण कुणी सांगितली तर तिला खोटं पाडू नका आणि तशीच नोंदवूही नका. त्याच नावाची दुसरी बोट होती का ते आधी शोधा.

एक नाव, तीन बोटी

मुंबई-गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेली ‘आंग्रिया’ ही मूळची जपानची ‘ओगासावारा मारू’, बांधणी १९९७. हे जपानी नाव शोधलं की तीन बोटी समोर येतात: १९७९ ची, १९९७ ची आणि २०१६ ची. बेटांवर जाणारी बोट बदलली तरी नाव पुढे चालू ठेवायची तिथली रीत. आपली ती मधली. फोटो उचलताना इथेच सर्वाधिक घोळ होतो. चिमणीचा आकार, खिडक्यांच्या ओळी आणि लाइफबोटी कुठे टांगल्यात हे ताडून पाहा. रंगावर जाऊ नका, रंग मालकाबरोबर बदलतो. भाऊचा धक्का ते मांडवा मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ‘एमटूएम-१’ हीसुद्धा आधी ग्रीसमध्ये ‘प्रोटोपोरोस’ होती.

उलटंही घडतं: नाव तेच, मालक दुसरा. ‘कोंकण शक्ती’ आणि ‘कोंकण सेवक’ ज्या मुघल लाइनकडे होत्या ती कंपनी १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. तुमच्या यादीत त्या वर्षी मुघल लाइनची जी बोट असेल, तिला दुसऱ्या पानावर नवी ओळ लागते.

मुंबईची फेरी

पंचवटी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरलात की फोर्टमधलं राज्य पुराभिलेखागार चालत जाण्याजोगं आहे. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज बरोबर ठेवा. फायली मागितल्याबरोबर हातात पडत नाहीत, तेव्हा आधी फायली मागा आणि मधल्या वेळात गेटवेला जाऊन या. इंग्रजी वेळापत्रकात ‘फेरी व्हार्फ’ दिसलं तर तो आपला भाऊचा धक्काच. तिथे जायला डॉकयार्ड रोड स्टेशन बरं पडतं.

धक्क्यावर प्रत्येक बोटीचे किमान तीन फोटो: नाळेवरचं (पुढच्या टोकावरचं) नाव, मागच्या बाजूचं नाव व नोंदणीचं बंदर, आणि नोंदणी क्रमांक. केबिनजवळ उतारूंची परवानगी असलेली संख्या रंगवलेली असते, ती चौथी. लाँचवर देवादिकांची आणि मुलींची नावं वारंवार येतात, क्रमांकाशिवाय फोटो निरुपयोगी ठरतो. गेटवेच्या शेजारी नौदलाची गोदी आहे. त्या दिशेला कॅमेरा वळवू नका. जून ते ऑगस्ट गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात, म्हणून ही फेरी दिवाळीनंतरच आखा. तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाशी, बोलायचं तर बोट लागल्यावर लगेच नको, उतारू चढायला सुरुवात होण्याआधीच्या निवांत वेळात. त्याला बोटीचं आधीचं नाव आणि ती कुठे बांधली हे हमखास माहीत असतं.

शेवटचा रकाना

बोट मोडीत गेली असेल तर कुठे, ते लिहा: मुंबईत दारूखाना भाग, आणि १९८३ नंतर बहुधा गुजरातमधलं अलंग. मोडीच्या शेवटच्या प्रवासाला निघताना पुष्कळदा जहाजाचं नाव आणि झेंडा बदलतात, काही आठवड्यांपुरता. तेही नाव दुसऱ्या पानावर टाका, नाहीतर सांगाडा अर्ध्या वाटेतच गायब झाल्यासारखा दिसतो. लाकडी लाँचचा शेवट सहसा कुठेच नोंदलेला नसतो. तिच्यासाठी ‘मोडली’ असं न लिहिता ‘शेवटची दिसली’ लिहा आणि फोटोची किंवा परवान्याच्या शेवटच्या नूतनीकरणाची तारीख द्या.