दिवाळीत तंबाखूची तलफ आली तर काय करावं

तंबाखू सोडून तीन-चार आठवडे झालेत आणि दिवाळी तोंडावर आलीय, अशा माणसासाठी हे लिहितोय. निकोटीन तुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त होतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. सवय मात्र तिथेच बसलेली असते, आणि भाऊबीजेचं जेवण उरकून ओट्यावर आलात की ती गाठते.

वसुबारसेच्या आधीच तलफेच्या जागा कागदावर लिहून काढा. फराळासोबतचा चहा, पत्त्यांचा डाव, एसटीची वाट बघणं, जेवणानंतरचा अर्धा तास. घराची साफसफाई चालूच असते, त्यात खिसे, गाडीची डिकी आणि दुकानाचा गल्लाही झाडून घ्या. पुडी आणि चुन्याची डबी दोन्ही फेका.

सर्वांत अवघड वेळ जेवणानंतरची. हात धुतलेत की लगेच दात घासा, कारण पेस्टची चव तोंडात असताना तंबाखू नकोशी होते. मंडळी ओट्यावर बसायच्या आत पोरांचा किल्ला बघायला निघा. तरी कुणीतरी मळता मळता हात पुढे करणारच. तेव्हा कारणं देत बसू नका. ‘दाजी, सोडलीय मी. गप्पा मारू, पण मला देऊ नका,’ एवढं पुरतं. सगळ्यांसमोर नाही म्हणणं जड जातं, म्हणून हे आदल्या दिवशी फोनवरच सांगून टाकलेलं बरं.

तलफ आलीच तर घड्याळाकडे बघा. साधारण पाच-दहा मिनिटांत ती उतरते, तंबाखू खाल्ली नाही तरीही. तेवढा वेळ जागा सोडा, घोटघोट पाणी प्या, सावकाश श्वास घ्या. तोंडात लवंग किंवा भाजलेली बडीशेप ठेवा. सुपारी मात्र अजिबात नको. तंबाखू नसलेल्या सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो, आणि तंबाखू सोडणारी कितीतरी माणसं नेमकी तिच्याकडेच वळतात.

औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम मिळतो. तो सतत चघळायचा नसतो. तिखटसर चव आली की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. गरोदरपण किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बोनस अडकलाय, खर्च वाढलाय, पाहुणे येणार आहेत, अशा वेळी ‘एक चिमूट घेतली की डोकं शांत होईल’ असं वाटतं. ती शांतता बहुतेक निकोटीनच्या कमतरतेनेच आलेली बेचैनी मिटल्याची असते. खर्च तेवढाच राहतो. नरक चतुर्दशीला पहाटे उठायचं असेल तर आदल्या रात्री लवकर झोपा, जागरणाने तलफ वाढते.

आणि मशेरी लावणाऱ्या आयाबहिणींना याबद्दल कुणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांचीही ती तंबाखूच आहे. अभ्यंगस्नानाच्या पहाटे मोरीतून मशेरीची डबी उचला आणि तिथे आईसाठी पेस्ट ठेवा. आधी तिला विचारून, तिच्या मनाने.

एखादी चिमूट गेलीच तोंडात, तर थुंका, चूळ भरा आणि त्याच तासापासून पुन्हा सुरू करा, पाडव्याची वाट बघू नका. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे. नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.