फिश टँकमध्ये मासे किती ठेवावेत? कोकणातल्या घरासाठी हिशेब

नवा फिश टँक घरात आला की कुठले मासे आणायचे यावर सगळं घर बोलतं. किती आणायचे हे मात्र दुकानात पिशवी भरताना उरकलं जातं. दुकानातल्या टाकीत शंभर मासे दिसतात, म्हणून आपल्याकडे वीस सहज राहतील असं वाटतं. पण दुकानातले मासे तिथे थोडेच दिवस असतात, पंप चोवीस तास चालू असतो आणि पाणी सतत बदललं जातं. आपल्या घरी त्यांना वर्षानुवर्षं राहायचं आहे.

माझं ठाम मत असं की कोकणात माशांची संख्या वर्षातल्या सर्वांत वाईट रात्रीवरून ठरवावी. मे महिना, टाकीतलं पाणी ३२ अंशांवर, वळवाचं वारं सुटलंय आणि माडाची झावळी तारांवर पडून लाईट गेली आहे. अशा रात्री पंपाशिवाय सकाळपर्यंत जेवढे मासे तगतील, तेवढेच ठेवायचे. पुढचा सगळा हिशेब याच रात्रीसाठी आहे.

पहिली पायरी : खरं पाणी किती, ते मोजा

टाकीवर लिहिलेले लिटर विसरा. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली इंचांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ६१ ने भागा. उत्तर लिटरमध्ये मिळेल. खोली मोजताना वरची रिकामी जागा आणि तळाची खडी धरू नका.

घरोघरी दिसणारी दोन फुटी टाकी घेऊ. २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच. काठोकाठ भरली तर ७१ लिटर. वर दोन इंच मोकळी सोडली आणि खाली दोन इंच खडी घातली की उरतात ५२ लिटर. हिशेब या ५२ लिटरचा करायचा.

दुसरी पायरी : मासा मोठा झाल्यावर केवढा होतो ते विचारा

दुकानात मिळतात ती बहुतेक पिल्लं असतात. काचेवरचं शेवाळ खायला आणतात तो बोटाएवढा दिसणारा सकर फूट-दीड फुटाचा होतो. 'शार्क' म्हणून विकला जाणारा रुपेरी पंगासियस मोठ्या पाण्यात मीटरभर वाढतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न फूटभर होतात. या चौघांना दोन फुटी टाकीत जागाच नाही, एकट्यालासुद्धा नाही. गप्पीचा नर शेपटी सोडून सुमारे ३ सेंटिमीटर, मादी त्याहून मोठी, टायगर बार्ब ६ सेंटिमीटर. गोल्डफिशचं नुसतं धडच १२ ते १५ सेंटिमीटरचं होतं. मोजताना शेपटी सोडून द्यायची आणि पूर्ण वाढीचंच माप धरायचं.

तिसरी पायरी : आकडा काढा, मग कमी करा

जुना ठोकताळा सांगतो की दर लिटरला एक सेंटिमीटर मासा. लहान, सडपातळ माशांना तो चालतो. मोठ्यांना चालत नाही, कारण लांबी चौपट झाली की वजन साधारण चौसष्टपट होतं. घाण आणि प्राणवायूची गरज वजनाबरोबर वाढते, लांबीबरोबर नाही. म्हणून पाच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या माशांना दर सेंटिमीटरला निदान दोन लिटर धरा. गोल्डफिशसारख्या जाडजूड, सतत खाणाऱ्या माशाला तेही अपुरं पडतं.

दुसरा ठोकताळा पाण्याच्या पृष्ठभागाचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून. त्यामुळे उंच आणि अरुंद टाकीत लिटर जास्त असले तरी मासे जास्त मावत नाहीत. उष्ण प्रदेशातल्या लहान माशांना शरीराच्या दर इंचामागे १२ चौरस इंच पृष्ठभाग धरतात, गोल्डफिशला ३० चौरस इंच. आपल्या टाकीचा पृष्ठभाग २४ गुणिले १२, म्हणजे २८८ चौरस इंच. त्यात लहान मासे बसतात २४ इंच, म्हणजे ६१ सेंटिमीटर. पाण्यावरून आकडा आला होता ५२ सेंटिमीटर. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा.

आता कोकणातली कपात. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३२ अंशांना ७.३ मिलिग्रॅमच. उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू घटतो आणि त्याच वेळी माशाचं शरीर वेगाने चालल्यामुळे त्याला तो जास्त लागतो. त्यात लाईट गेली की बुडबुडे थांबतात. म्हणून मी आलेल्या आकड्याचे दोन तृतीयांशच धरायला सांगतो. ५२ चे झाले साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे गप्पीचे अकरा नर. पंप आणि फिल्टर असले म्हणून हा आकडा वाढवू नका. लाईट असते तेव्हाचा आराम त्यांनी द्यावा, जीव त्यांच्यावर टांगून ठेवू नये.

चौथी पायरी : माशाचा स्वभाव पाहा

इथे गणित पुष्कळदा मोडतं. टायगर बार्बचा हिशेब करा. सेंटिमीटरला दोन लिटर, म्हणजे ५२ लिटरला २६, कपात करून १७ सेंटिमीटर. त्यात तीन बार्बही नीट बसत नाहीत. पण बार्ब कळपाने राहणारा, सहाच्या खाली ठेवला तर तो इतरांचे पर कुरतडतो. आकडा म्हणतो दोन, स्वभाव म्हणतो सहा. अशा वेळी तो मासा आपल्या टाकीसाठी नाही, हेच उत्तर.

फायटरचे दोन नर एका टाकीत कधीच नकोत. एकटा फायटर पाण्यावर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून लाईट जाणाऱ्या गावात तो चांगला, पण त्यालाही दहा-पंधरा लिटर पाणी द्या. हवा घेऊ शकतो म्हणून पेल्यात कोंडू नये. निऑन टेट्रा दिसायला सुरेख, पण त्याला थंडसर पाणी मानवतं. गोल्डफिशचंही तेच. देवगड-मालवणच्या उन्हाळ्यात या दोघांचे हाल होतात. गोल बरणीवजा भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी.

गप्पी घेणार असाल तर फक्त नर घ्या. आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खायला विहिरीत आणि टाक्यांत सोडतात तेच हे गप्पी. मादी साधारण महिन्याला वीस-तीस, कधी जास्तही पिल्लं देते. नर-मादी एकत्र ठेवलेत की तुमचा सगळा हिशेब दोन महिन्यांत संपला.

पाचवी पायरी : विहिरीचं पाणी ओळखा

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्ल असतं, त्यात चुना जवळजवळ नसतो. मासे अमोनिया सोडतात, फिल्टरच्या स्पंजावरचे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात पाण्यातला क्षार खर्च होतो. मुळातच क्षार कमी आणि मासे जास्त असले तर पाणी आम्ल होत जातं, जीवाणू मंदावतात आणि वरकरणी स्वच्छ दिसणाऱ्या टाकीत मासे सुस्तावतात. खायला आणलेल्या तिसऱ्यांचे शिंपले घरात असतातच. ते उकळून, घासून, फोडून त्यांची छोटी पुरचुंडी फिल्टरजवळ ठेवली तर ते हळूहळू विरघळून क्षार भरून काढतात. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल, तर तिथे मॉली सुखाने राहते.

पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. त्या दिवसांतलं पाणी थेट टाकीत ओतू नका. त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतो आणि स्पंजावरचे जीवाणूही मारतो. बादलीत उघडं एक दिवस ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब वापरा.

सहावी पायरी : एकदम भरू नका

अकरा मासे ठरले तरी आधी तीनच आणा. फिल्टरच्या स्पंजावर ते जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खाणं चिमूटभर आणि पाणी वारंवार थोडंथोडं बदलायचं. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की पुढचे तीन-चार आणा. दरवेळी दोन आठवडे थांबा.

टाकी भरली की नाही हे शेवटी पाणीच सांगतं. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलूनही नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या वर जात असेल, तर मासे जास्त आहेत किंवा खाणं जास्त आहे. किट नसेल तर उजाडायच्या आधी उठून टाकीकडे बघा. रात्रभर पाणवनस्पतीही प्राणवायू घेत असल्याने तो पहाटे सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाला तोंड लावून भराभर कल्ले हलवत असतील तर संख्या कमी केली पाहिजे. दुपारी तेच मासे खेळताना दिसतील, त्यावर जाऊ नका.

लाईट गेली तर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. असे दिवस धरूनच चालायला हवं. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. नसेल तर मगाने टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा आत ओतत राहा. खाणं पूर्ण बंद करा. धडधाकट मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी सहज राहतो, खायला दिलं तर मात्र घाण करतो. बंद फिल्टर बरेच तास तसाच राहिला असेल, तर लाईट आल्यावर तो लगेच सुरू करू नका. आतले जीवाणू मेलेले असू शकतात. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढून स्पंज त्यात पिळून घ्या, मग फिल्टर चालू करा.

जास्त झालेले मासे

दुकानदार बहुधा परत घेतो, फार तर पैसे देणार नाही. ओळखीत कुणाची मोठी टाकी असेल तर तिकडे द्या. व्हाळात, तळ्यात, नदीत मात्र सोडू नका. वाढलेला सकर लोक सर्रास नदीत सोडतात. तो मरत नाही, वाढतो आणि काठ पोखरतो, देशात अनेक ठिकाणी तो स्थानिक माशांच्या मुळावर आलाय. म्हणून सकर घ्यायच्या आधीच दुकानदाराला विचारून ठेवा, फूटभर झाल्यावर परत घेणार का. तो नाही म्हणाला तर सकर घेऊ नका. काचेवरचं शेवाळ आठवड्यातून एकदा स्पंजने हातानेच पुसता येतं.