गाडीतून बंदूक चोरीला गेली? या चुका टाळा

दुपारी दोनच्या सुमारास काकांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "गाडीची काच फोडलीय रे कोणीतरी." बंदुकीचं नावही काढलं नाही. ती गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, तेही काकूकडून.

२०२४च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल लागून गेला होता. आचारसंहितेत जमा केलेली शेतीसंरक्षणाची एकनळी बंदूक काकांनी त्या दिवशी सकाळीच ठाण्यातून सोडवून घेतली होती. कलमांना मोहोर धरायला लागला होता आणि माकडं बागेत उतरू लागली होती, म्हणून घाई. परतताना बाजारात थांबले. खताच्या दुकानात हिशेब आणि बँकेत एक सही, सगळं मिळून पाऊण तास. बंदूक मागच्या सीटवर, वर गोधडी. बंदुकीच्याच पिशवीत परवान्याचं पुस्तक आणि आठ काडतुसं. परत आले तेव्हा मागच्या दाराची छोटी तिकोनी काच फुटलेली, गोधडी खाली चिखलात आणि सीट रिकामी.

त्यानंतरचे तीस तास काका गप्प होते. का, ते त्यांनी नंतर सांगितलं : "सकाळी ज्या ठाण्यातून सही करून घेतली, त्याच ठाण्यात दुपारी कुठल्या तोंडानं जाऊ?"

मला या लेखात मुख्यतः याच गप्प बसण्याबद्दल सांगायचं आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचे परवाने बऱ्याच घरांत आहेत, आणि बंदूक गाडीतून जाण्याचे प्रसंगही ठरलेले आहेत : निवडणुकीआधी जमा करणं, नंतर सोडवणं, नूतनीकरण, दुरुस्ती. चोरी होते ती अशाच एखाद्या फेरीत, वाटेत चहाला किंवा जेवायला थांबल्यावर.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक : "बघू, उद्या सांगू"

परवान्याच्या अटी आपण सहसा वाचत नाही. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की शस्त्र किंवा दारूगोळा हरवला वा चोरीला गेला, तर जवळच्या पोलीस ठाण्याला ताबडतोब कळवायचं. अट मोडली तर शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. म्हणजे गाडीत बंदूक ठेवल्याचा ठपका येईल या भीतीनं माणूस उशीर करतो, आणि त्या उशिरानं आणखी एक ठपका स्वतःवर ओढवून घेतो.

पण शिक्षेपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. चोरीची बंदूक कपाटात पडून राहत नाही. आपल्याकडे ती बहुधा रात्रीच्या शिकारीला जाते, किंवा कुणाच्या भांडणात निघते. त्या नळीतून कुणाला गोळी लागली, तर नंबर तुमच्या नावावर निघेल. तुम्ही कधी कळवलंत, हे सांगणारा एकच कागद असतो, आणि तो म्हणजे फिर्याद. त्यावरची तारीख आणि वेळ तुमच्या बाजूनं बोलते. काकांच्या फिर्यादीत घटना आदल्या दिवशी दुपारची आणि नोंद दुसऱ्या दिवशी रात्रीची आहे. मधल्या तीस तासांचा खुलासा त्यांना तीन वेळा तीन टेबलांवर द्यावा लागला.

किनाऱ्यावरच्या ठाण्यात हत्यार हा विषय हलका धरला जात नाही, हेही लक्षात ठेवा. १९९३ साली श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली आणि मुंबईत काय झालं, ते इथली जुनी माणसं विसरलेली नाहीत. चौकशी कडक झाली तर ती तुमच्यावर राग म्हणून होत नाही. शांतपणे उत्तरं द्या.

कळवायचं कसं? ११२ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात "बंदूक" म्हणा. "सामान गेलं" म्हणालात तर ती साधी चोरी समजली जाईल. मग स्वतः ठाण्यात जा.

"आमच्या हद्दीत येत नाही" ऐकून परत फिरणं

मुंबई-गोवा महामार्गावर हे फार होतं. चिपळूणला जेवायला थांबलात, हातखंब्याला डिकी उघडली आणि बंदूक नाही. गेली नेमकी कुठे, देव जाणे. अशा वेळी चिपळूणला परत धावू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाचीही असो. ते शून्य क्रमांकानं नोंदवतात आणि योग्य ठाण्याकडे पाठवतात. किनाऱ्यालगत असाल तर सागरी पोलीस ठाणंही चालतं. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद घेतच नसतील तर त्याच कलमाखाली जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

याच्याशीच जोडलेली एक चूक म्हणजे मोबाइलवरून "वस्तू हरवली" अशी ऑनलाइन नोंद करून गप्प बसणं. ती सोय सिमकार्ड नि कागदपत्रांसाठी ठीक. काच फोडून नेलेली बंदूक हरवलेली नसते, चोरलेली असते. गुन्हा दाखल झाला पाहिजे.

नंबर माहीत नसणं

ठाणे अंमलदारानं पहिला प्रश्न विचारला, "बंदुकीचा नंबर?" काका गप्प. परवाना बंदुकीसोबतच गेलेला. तीस वर्षं बंदूक वापरलेली, कंपनी तोंडपाठ, दस्त्यावरचा ओरखडा कधी पडला तेसुद्धा ठाऊक, पण नंबर नाही. शेवटी तो सापडला त्याच ठाण्याच्या शस्त्र जमा रजिस्टरात, कारण दीड महिन्यापूर्वी जमा करताना हवालदारानं तिथे लिहून घेतला होता. ते रजिस्टर नसतं तर जिल्हाधिकारी कार्यालयातून जुनी फाइल येईपर्यंत थांबावं लागलं असतं.

म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, बंदूक बाहेर काढा. आधी रिकामी असल्याची खात्री करा. नळी खाली वाकवून उघडा, तेलाच्या फडक्यानं चाप आणि घोड्याच्या वरचा धातूचा भाग पुसा. खाऱ्या हवेनं आणि जुन्या तेलाच्या काळ्या थरानं आकडे भरून गेलेले असतात, विशेषतः ३ आणि ८ सारखे दिसतात. जुना दात घासायचा ब्रश रॉकेलात बुडवून हलकेच फिरवा, मग उजेड तिरका धरून फोटो काढा. नंबर परवान्यावरच्या नोंदीशी ताडून बघा. परवान्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढा. युनिक आयडेंटिफिकेशन नंबर वेगळा लिहून ठेवा. दस्त्यावरचा ओरखडा, बदललेला स्क्रू, पट्ट्याची कडी, जे काही ओळखीचं असेल त्याचा फोटो काढा. हे फोटो घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्ये असू द्या.

आणि परवाना बंदुकीच्या पिशवीत कधीच ठेवू नका. तो अंगावर ठेवायचा. काडतुसं तिसऱ्या ठिकाणी. परवानाही गेला असेल तर फिर्यादीत त्याची वेगळी नोंद करून घ्या, दुय्यम प्रतीसाठी ती लागते. काडतुसं किती, कुठल्या नंबरच्या छऱ्याची, हेही लिहून द्या. काकांनी आधी "पाचेक असतील" असं सांगितलं होतं. खरेदीची नोंद बघितल्यावर आठ निघाली आणि जबाब पुन्हा घ्यावा लागला.

काचा झाडून काढणं

फुटलेली काच बघून आपला हात आपोआप झाडूकडे जातो. काकांनी सीट झाडली, बोनेटवरची धूळही पुसली, गोधडी धुवायला टाकली. पंचनाम्याला आलेल्या पथकाला बघायला काहीच उरलं नव्हतं. गाडी आहे तशी ठेवा, दाराला हात लावू नका, पाऊस असेल तर वरून ताडपत्री टाका. लगेच आजूबाजूच्या दुकानांत आणि पेट्रोल पंपावर जाऊन कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायला सांगा. छोट्या दुकानांतली यंत्रं काही दिवसांत जुन्यावर नवं चित्रण चढवतात. दुकानदार तुम्हाला चित्रण देईलच असं नाही, पण "पोलीस येईपर्यंत पुसू नका" एवढं सांगितलं तरी पुरतं.

स्वतः शोधायला निघणं, पैसे देऊन मिटवणं

गावात कोण रात्री बॅटरी घेऊन रानात जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. मग एखादा मध्यस्थ येतो : "दहा हजार द्या, बंदूक पडवीत येऊन पडेल." या वाटेला जाऊ नका. बिनपरवाना माणसाकडून हत्यार घेणं हाच गुन्हा आहे, आणि तो माणूस उद्या तुमचंच नाव घेईल. बिनपरवाना बंदूक बाळगणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे, त्यामुळे सुटण्यासाठी तो काहीही बोलेल. संशय असेल तर नाव पोलिसांना सांगा.

ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला. आमच्याकडे काकूनं घातलं होतं. फक्त आधी ठाणं, मग देऊळ.

व्हॉट्सअॅपवर परवान्याचा फोटो फिरवू नका. त्यावर तुमचा पत्ता असतो, आणि घरात दुसरी बंदूक असेल तर तीही चोराला कळते.

फिर्याद दिली म्हणजे झालं असं समजणं

परवाना देणारा अधिकारी जिल्हाधिकारी. फिर्यादीची प्रत जोडून त्यांच्या कार्यालयाच्या गृह शाखेला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोलीस कळवतील यावर विसंबू नका. परवान्यावर त्या बंदुकीची नोंद असेपर्यंत तिच्या जागी दुसरी घेता येत नाही, आणि परवानगीशिवाय कुणाची तात्पुरती वापरायला आणणं हा नवा गुन्हा आहे. परवाना रद्द केल्याचा आदेश आला तर कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. आपल्यासाठी ते बेलापूरच्या कोकण भवनात. मुदत असते, म्हणून आदेश हातात पडला की त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

विम्याबद्दल थोडक्यात : गाडीच्या पॉलिसीत फुटलेल्या काचेची भरपाई मिळू शकते, आत ठेवलेल्या सामानाची साधारणतः मिळत नाही.

बंदूक सापडली, कुणी शेताच्या बांधावर टाकलेली दिसली, तर उचलू नका. तो मुद्देमाल आहे. पोलिसांना बोलवा. ती परत मिळते न्यायालयाच्या आदेशानं, सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करू अशा लेखी हमीवर.

आणि मुळात गाडीत ठेवणं

"डिकीत ठेवली होती, कुलूप होतं," असं बरेच जण सांगतात. बहुतेक लहान गाड्यांत डिकी उघडायची कळ चालकाच्या सीटजवळच असते. एक काच फुटली की हात आत जातो, कळ ओढली की डिकी उघडी. शिवाय बारा बोअरची अखंड बंदूक लहान गाडीच्या डिकीत आडवी मावतही नाही, म्हणून सीट पाडून तिरकी ठेवतात आणि कव्हरचं टोक काचेतून दिसतं. गोधडीखाली काय आहे ते लांबीवरूनच ओळखू येतं.

फेरीला दोघांनी जा. एक उतरेल तेव्हा दुसरा गाडीत बसेल. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीसाठी रांगेत असाल तरी गाडी सोडून जेटीवर फिरायला जाऊ नका. बाजारहाट वेगळ्या दिवशी. एकट्यानंच जावं लागलं आणि उतरावंच लागलं, तर मोडणीच्या (नळी वाकवून उघडणाऱ्या) बंदुकीचे भाग सुटे करा आणि नळीखालचं पुढचं लाकूड स्वतःजवळ ठेवा. त्याशिवाय नळी धड बसत नाही. हा शेवटचा उपाय आहे, सवय करू नका. रात्रीचा मुक्काम असेल तर बंदूक खोलीत आणि खोलीत माणूस.

सावंतवाडी, बांद्याकडच्यांनी आणखी एक बघावं. परवान्याचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असेल तर पत्रादेवी ओलांडून दुरुस्तीला गोव्यात बंदूक नेणंच अटीबाहेर आहे. तिथे चोरी झाली तर फिर्याद देताना आपणच अडकतो.

आणि चाकरमान्यांनी. वडील वारले, बंदूक घरी आहे, गणपतीला गेलो की मुंबईला आणून ठेवू, असं करू नका. परवाना वडिलांच्या नावाचा होता, तुमच्या नव्हे. ती विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारस म्हणून अर्ज करायचा. कशेडी घाटात गाडी थांबली असताना ती चोरीला गेली, तर तुम्ही फिर्यादीआधी आरोपी ठराल.

काकांची एकनळी अजून मिळालेली नाही. दर दोन महिन्यांनी ते ठाण्यात जाऊन तपास विचारतात आणि त्या भेटीची तारीख एका वहीत लिहितात. वहीच्या पहिल्या पानावर बंदुकीचा नंबर आहे, काकूच्या हातचा, मोठ्या अक्षरांत.