मोठ्या फिश टँकसाठी एलईडी निवडताना

आधी टेप घ्या आणि टाकीची उंची मोजा. लांबी सगळ्यांना तोंडपाठ असते, ‘आमची पाच फुटी’, ‘आमची सहा फुटी’. पण लाईट घ्यायचा तो उंची बघून. १५ इंच उंच टाकीत जी एलईडीची पट्टी तळापर्यंत लख्ख उजेड देते, तीच २४ इंचांच्या टाकीवर ठेवली तर वरचं पाणी झगमगतं आणि तळाची वाळू अंधुक राहते. उजेड खाली जाता जाता पसरत जातो, शिवाय थोडा पाणी शोषून घेतं. टाकीत ठेवलेल्या लाकडाचा तपकिरी रंग पाण्यात उतरला असेल तर आणखी जातो. लाईट दिसायला कितीही झगझगीत असो, तळाशी, झाडाच्या मुळापाशी काय पोचतं तेवढंच आपलं.

मग ठरवा आत काय राहणार. गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असले मासे झाडं खातात नाहीतर उपटून टाकतात. त्यांच्या टाकीला फक्त मासे नीट दिसण्यापुरता उजेड हवा, आणि पाच फुटी टाकीला २५-३० वॅटची साधी पट्टी तेवढा देते. त्याहून जास्त घेतलात तर पैसे शेवाळ वाढवण्यात जातील. एंजल आणि डिस्कस यांना मंद उजेड मानवतो. त्यांच्यासोबत अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया ही कमी उजेडाची झाडं सुखाने वाढतात. लाल झाडांचं प्रकरण वेगळं. रोटाला मॅक्रँड्रा ही आपल्या पश्चिम घाटातली, पण टाकीत तिला लाल ठेवायचं तर भरपूर उजेड आणि सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड, दोन्ही लागतं. घाटातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरीनही आहे, म्हणून सांगते, बेळगावजवळ खानापूरकडे फिरायला गेलात तर भीमगडच्या अभयारण्यातून काही उपटून आणू नका. नर्सरीत वाढवलेली झाडं विकत मिळतात.

दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं ते वॅटचं. ‘ताई, शंभर वॅटची आहे, घेऊन जावा की.’ वॅट म्हणजे लाईट किती वीज खातो. देतो किती, ते लुमेनवरून कळतं. चांगली एलईडी वॅटमागे साधारण १०० लुमेन देते, स्वस्तातली बरीच कमी. खोक्यावर लुमेन लिहिलेलेच नसतील तर ती पट्टी बाजूला ठेवा.

आता हिशेब. पाच बाय दोन बाय दोन फुटांची टाकी काठोकाठ भरली तर ५६६ लिटर होते. रेती, दगड, वरची मोकळी जागा वजा केली की ५०० लिटर धरायला हरकत नाही. कमी उजेडाच्या झाडांना लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात, म्हणजे ५ ते १० हजार लुमेन. २४ इंच खोलीला मी यातला वरचा आकडा धरते. २० ते ४० लुमेन ही मध्यम पातळी, त्यापुढे कार्बन डायऑक्साइडशिवाय जाऊ नये. लुमेन हा माणसाच्या डोळ्याचा मापदंड आहे, झाडांसाठी खरं माप पारचं, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला झाडाला वापरता येणारा उजेड. कंपनीने १२, १८, २४ इंच खोलीवरचे पारचे आकडे छापले असतील तर तिच्यावर जास्त विश्वास टाकावा. तळाशी ३०च्या आसपास मिळालं तर साध्या झाडांना बास झालं.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, आणि ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. दोन फूट रुंद टाकीवर मधोमध एकच अरुंद पट्टी ठेवली तर मधला भाग उजळतो, पुढची काच आणि मागची झाडं सावलीत जातात. एका १०० वॅटच्या पट्टीपेक्षा ५०-५० वॅटच्या दोन पट्ट्या, एक पुढे एक मागे, कधीही चांगल्या. एक बिघडली तरी टाकी अंधारात पडत नाही, आणि सकाळी एकच लावून तासाभराने दुसरी लावता येते. बजेट कमी असेल तर बाहेर लावतात ती ६५०० केल्विनची, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखी पांढरी, फ्लड लाईट टाकीच्या वर टांगूनही काम होतं, झाडांना ब्रँड कळत नाही. फक्त तिचा उजेड चारी बाजूंना सांडतो, हॉलमध्ये टीव्ही बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो. पत्र्याची आडोशाची पट्टी करून घ्यावी लागते.

रंगाबद्दल मात्र मी हट्टी आहे. मी बेळगावात, शहापुरात साडीच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक साडी पसंत करतं आणि लगेच उचलून दारात, उन्हात नेऊन बघतं, कारण दुकानातल्या ट्यूबखाली जांभळा आणि वांगी एकच वाटतात. टाकीतही तेच होतं. ६५०० केल्विन असं खोक्यावर असलं तरी त्यावरून फक्त पांढरेपणा कळतो, रंग खरे दिसतील की नाही ते सीआरआय या शंभरपैकीच्या आकड्यावरून कळतं. ८०च्या खाली घेऊ नका, ९०च्या वर मिळाला तर सोडू नका. बघायचं असेल तर पिशवीत ब्याडगी मिरचीची थोडी पूड घेऊन जा आणि पट्टीखाली धरा. पूड विटकरी, मातकट दिसली तर तुमच्या डिस्कसचा लालही तसाच दिसणार. लाल-हिरवे-निळे दाणे (एलईडीचे बारीक दिवे) वेगळे असलेली, सोबत पांढरे असणारी पट्टी महाग असते, पण लाल मासे आणि लाल झाडं तिच्याखाली फार सुंदर दिसतात. गुलाबी-जांभळी ग्रो लाईट झाडं वाढवते, मासे बघण्याची मजा घालवते. १० हजार केल्विनपुढचे निळसर दिवे समुद्री प्रवाळांसाठी असतात, आपल्या गोड्या पाण्याला नकोत.

दुकानातच दोन गोष्टी करा. पट्टी लावून मोबाईलचा कॅमेरा तिच्यावर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारा डबा, हलक्या प्रतीचा आहे. मग अर्धा तास ती चालू ठेवायला सांगा आणि पाठीवरच्या ॲल्युमिनियमला हात लावा. कोमट हवी. हात ठेवता येत नसेल एवढी तापली तर आतले दाणे लवकर मंद होणार. आणि पाठ तापत नाही, पण समोरचे दाणे चटका देतात, तर उष्णता ॲल्युमिनियमपर्यंत पोचतच नाही, ते त्याहून वाईट.

विजेच्या बाबतीत कंजुषी करू नका, टाकीत हात घालणारी बहुतेक वेळा घरातली मुलं असतात. पट्टी १२ किंवा २४ व्होल्टची घ्या, ड्रायव्हर टाकीपासून लांब भिंतीवर. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, आयपी ६७ म्हणजे चुकून पाण्यात पडली तरी थोडा वेळ तग धरेल. झाकणाखाली बसवणार असाल तर ६७च. वायर प्लगच्या खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच करंट तोडणारा स्विच, बसवा. बेळगावचा पाऊस जून ते सप्टेंबर घरातसुद्धा ओल धरतो, उघड्या सांध्यावर तांब्याला हिरवा गंज येतो. तिथे नुसती टेप गुंडाळू नका, हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की वायरवर आवळून बसणारी, चढवा.

टायमर घ्याच, पण काट्यांचा नको. तो लाईट गेली की थांबतो आणि आली की तिथून पुढे चालू होतो. पावसाळ्यात दोन-तीनदा करंट गेला की सकाळी दहाचा दिवा दुपारी लागायला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर एअर पंप आणि फिल्टर जोडा, दिवा नको. दिवसभर अंधार राहिला तरी माशांना काही होत नाही, हवा थांबली की होतं.

नवीन टाकीला सुरुवातीला सहा तास, तेही डिमर ४०-५० टक्क्यांवर ठेवून. काचेवर तपकिरी थर येतो तो नव्या टाकीत येतोच, पुसून काढा, त्याच्यासाठी दिवा बदलू नका. हिरवे धागे यायला लागले तर एक तास कमी करा आणि आठवडाभर थांबा. झाडं लांबट, फिकट होऊन वर वर ओढली जात असतील तर दहा टक्के वाढवा. एका वेळी एकच बदल, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आठ तासांपुढे शक्यतो जाऊ नका. पश्चिमेच्या खिडकीतून मार्च-एप्रिलचं ऊन टाकीवर येत असेल तर आधी पडदा लावा. सकाळी खोलीतला दिवा आधी लावा, मग टाकीचा, नाहीतर मासे बिचकून काचेवर आपटतात.

वीजबिलाची धास्ती नको. १०० वॅट आठ तास म्हणजे रोज पाऊण युनिटच्या जरासं वर, महिन्याला २४ युनिट.

आणि वरची झाकणाची काच दर आठवड्याला पुसा. बोअरचं पाणी जड असेल तर तिच्यावर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि विकत घेतलेला उजेड तिथेच अडतो. काच काढून अर्ध्या लिंबाने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, पुसून परत ठेवा.