बॉक्स बदलताना स्टीलवर नेम: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी माझी ड्रिल्स

स्टीलच्या प्लेटवर शूट करायला लागलेले नवीन लोक हमखास विचारतात, एका बॉक्समधून (उभं राहायला जमिनीवर आखलेला चौकोन) दुसऱ्यात जाताना अजून फास्ट कसं पळायचं. माझं उत्तर ऐकून त्यांचा मूडच जातो, कारण दोन-अडीच मीटरच्या अंतरात पळून पळून वाचवणार किती? वेळ जातो तो निघताना आणि पोचल्यावर, मधे नाही. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय ते सगळं या दोन टोकांबद्दल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टील चॅलेंज हा खेळ 1981 पासून चालू आहे. एकूण 8 स्टेज, म्हणजे प्लेटच्या ठरलेल्या मांडण्या, प्रत्येकीत 5 प्लेट, त्यातली एक स्टॉप प्लेट, ती शेवटी मारायची. बाकी सगळ्या स्टेज एका जागी उभं राहून, फक्त आउटर लिमिट्स नावाच्या स्टेजमध्ये पाय हलवावे लागतात, म्हणजे बॉक्स बदलावा लागतो. इतर ठिकाणी 5 रन (पाचही प्लेट मारायचा एक फेरा) असतात आणि सगळ्यात वाईट एक सोडून देतात, इथे मात्र 4 च रन, त्यातलाही एक सुटतो. प्लेट राहिली की 3 सेकंदांची पेनल्टी. आयपीएससी या दुसऱ्या शूटिंग स्पर्धाप्रकारात तर जवळपास प्रत्येक कोर्सला हालचाल असतेच, म्हणून हे शिकलेलं वाया जात नाही.

आधी सेफ्टी, आणि हा पॅरा स्किप करू नका प्लीज. एकापेक्षा जास्त पाऊल टाकायचं असेल आणि त्या वेळी तुम्ही नेम धरलेला नसेल तर बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, तेही बघणाऱ्याला स्पष्ट दिसेल असं. आयपीएससीत यात चुकलात की थेट मॅचबाहेर. शरीर वळलं की मझल, म्हणजे नळीचं तोंड, पण त्याच्यासोबत वळायला बघते, म्हणून पाय कुठेही वळू देत, मझल बॅकस्टॉपकडेच (प्लेटमागे गोळ्या अडवणारा बांध) राहिली पाहिजे. हँडगनने स्टील मारताना आयपीएससीत कमीत कमी अंतर 7 मीटर आहे, पण प्रॅक्टिसला मी 10 च्या आत कोणाला उभं करत नाही, कारण हलता हलता माणूस नकळत पुढे सरकतो. प्लेट कडक केलेल्या स्टीलची हवी, जराशी खाली झुकलेली म्हणजे गोळीचे तुकडे जमिनीकडे जातात, आणि तिच्यावर खड्डे पडले असतील तर ती बाद, कारण मग तुकडे कुठे उडतील याचा भरवसा नाही. गोळीला चुंबक चिकटलं, म्हणजे तिच्यात स्टील आहे, तर ती बाजूला ठेवा. चष्मा आणि कानाचं प्रोटेक्शन मागे उभं राहून बघणाऱ्यांना पण.

आता ड्रिल. पहिलं घरी, ड्राय. गन रिकामी आहे हे दोनदा बघा, खोलीत एकही राउंड नको. जमिनीवर टेपने दोन चौकोन आखा, समोरच्या भिंतीवर कागदाचे गोल लावा. माप सोपं आहे, 30 सेंटिमीटरची प्लेट 10 मीटरवरून जेवढी दिसते तेवढाच 9 सेंटिमीटरचा गोल 3 मीटरवरून दिसतो. ट्रिगरला हात नाही लावायचा, फक्त जायचं आणि पोचायचं. बघायचं एवढंच की दुसरा पाय टेकतो तेव्हा साइट (गनवरची नेम धरायची खूण) आधीच गोलावर आहे का. बहुतेकांचं काय होतं, पळताना गन छातीशी ओढतात, बॉक्समध्ये येऊन सरळ उभे राहतात, मग गन वर, मग साइट शोधा, म्हणजे चार कामं एकापाठोपाठ एक. शेवटच्या दोन पावलांतच गन वर यायला हवी, ती पावलं छोटी, आणि गुडघे कबड्डीतल्या रेडरसारखे वाकलेले, कारण ताठ गुडघ्यांनी थांबलात की सगळा झटका साइटमध्ये दिसतो. बोट आत जाणार साइट प्लेटवर स्थिरावल्यावरच, पाय थांबला म्हणून नाही.

दुसरं रेंजवर. दोन बॉक्स, प्रत्येकातून एकच प्लेट. टायमरवर (प्रत्येक शॉटची वेळ नोंदवणारं यंत्र) टोटल बघूच नका, पहिल्या बॉक्समधला शॉट आणि दुसऱ्या बॉक्समधला पहिला शॉट यांच्यामधला आकडा तेवढा लिहा. चुकलेल्या शॉटचा आकडा लिहायचा नाही, नाहीतर लोक कागदावर चॅम्पियन होतात. आणि दोन्ही दिशांना करा, आवडत्या बाजूला जाणं सगळ्यांनाच जमतं.

निघण्याची गंमत वेगळीच आहे. स्टीलची सवय असलेला माणूस टिंग ऐकू येईपर्यंत थांबतो. 20 मीटरवर गोळी पोचून आवाज परत यायला साधारण सेकंदाचा आठवा भाग जातो, त्यावर तुमच्या डोक्याचा रिअॅक्शन टाइम वेगळा, आणि हे प्रत्येक प्लेटला. म्हणून शॉट सुटतानाची साइट बघून ठरवायचं लागला की नाही. यासाठीचं ड्रिल असं की मित्राला मागे उभं करा, शॉट सुटताक्षणी तुम्ही 'लागला' किंवा 'गेला' म्हणा, तो आवाजावरून तपासेल. हे एका जागी उभं राहून दहापैकी नऊ वेळा बरोबर यायला लागलं की मगच पाय जोडा, त्याआधी जोडलात तर निघायची घाई होते आणि पहिल्या बॉक्समधलीच प्लेट मागे राहते, मग 3 सेकंद गेले, ते कुठलाही पळणारा भरून काढू शकत नाही.

चालता चालता मारायचं हे मी मुद्दाम शेवटी ठेवतो. जवळच्या मोठ्या आयताकृती प्लेटवर ठीक आहे, टाच आधी टेकवून पाऊल पुढे लोळवायचं, कमरेच्या वरचा भाग शांत. छोट्या गोल प्लेटवर नवीन माणसाने हे करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, थांबून मारलेलं स्वस्त पडतं. तुमच्यासाठी ही सीमा कुठे येते ते टायमरलाच विचारा: तीच प्लेट पाच वेळा थांबून मारा, पाच वेळा चालत, प्रत्येक मिसला 3 सेकंद जोडा आणि मग बेरजा शेजारी शेजारी ठेवून बघा.