एलईडीवर चालणारा छोटा याग लेसर: आधी हिशेब, मग सोल्डरिंग

याग (YAG) म्हणजे निओडिमियम मिसळलेला स्फटिक; त्याच्या रॉडवर एलईडीचा प्रकाश पाडून लेसर मिळवायचा आहे. मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), रेझिस्टर, कॅपॅसिटर इंदूरच्या जेल रोडवर मिळतात. एलईडींच्या चार पट्ट्या बसतील असा ॲल्युमिनियमचा ठोकळा पोलोग्राउंडमधल्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घेता येतो. काम अडते ते प्रकाशाच्या हिशेबात. एलईडीचा प्रकाश चहूकडे फाकतो आणि कोणतेही भिंग लावले तरी त्याची तेजस्विता वाढत नाही. तेव्हा भिंगांच्या नादी न लागता घुमट नसलेले, सपाट तोंडाचे एलईडी रॉडपासून १ मिमीच्या आत बसवा.

रॉड ३ मिमी जाड, ५० मिमी लांब, १ टक्का निओडिमियमचा घ्या. दोन्ही टोकांना १०६४ नॅनोमीटरचे, म्हणजे लेसरच्या तरंगलांबीचे, परावर्तनरोधक कोटिंग हवेच. यागचा अपवर्तनांक १.८२, म्हणजे कोरे टोक ८.५ टक्के प्रकाश परत फेकते. स्वस्तातला कोरा रॉड इथेच घात करतो. ८१० नॅनोमीटरचे ४८ एलईडी लागतील: रॉडच्या चारही बाजूंना १२-१२ची पट्टी. कोपऱ्यांच्या फटींत पांढरी टेफ्लॉन टेप भरा, निसटता प्रकाश परत रॉडकडे वळतो.

आता हिशेब. प्रत्येक एलईडी ३ अँपिअरवर २.५ वॅट प्रकाश देतो असे धरू. ४८ एलईडी, २०० मायक्रोसेकंदांचा पल्स: २४ मिलिज्यूल. त्यातला निम्मा रॉडमध्ये शिरतो आणि शिरलेल्यातला २० टक्के शोषला जातो असे धरा. एलईडीचा वर्णपट साधारण ३० नॅनोमीटर रुंद, रॉडची शोषणरेषा अरुंद, त्यामुळे यापेक्षा फार आशा नको. उरले २.४ मिलिज्यूल. ८१० आणि १०६४ नॅनोमीटरच्या फोटॉनच्या ऊर्जेतला फरक आणि उत्तेजित निओडिमियमच्या २३० मायक्रोसेकंदांच्या आयुष्यामुळे होणारी गळती वजा जाता सुमारे १.२ मिलिज्यूल साठतात. आउटपुट आरसा, म्हणजे ज्यातून लेसर बाहेर पडतो तो, १ टक्का पारगामी आणि बाकीचा तोटा २ टक्के असेल, तर लेसर सुरू व्हायला ०.७ लागतात. आरसा ५ टक्क्यांचा घेतला की हीच गरज १.६ वर जाते आणि सगळी मेहनत वाया. आउटपुट आरशात हात आखडता घ्या.

प्रत्येक पट्टी सिरीजमध्ये जोडा, तिच्यासोबत २.७ ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर, वायरवाऊंड नको. सप्लाय ३६ व्होल्ट, पट्ट्यांच्या अगदी शेजारी ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कॅपॅसिटर. चार पट्ट्यांचे १२ अँपिअर आयआरएलझेड४४एन मॉसफेट सहज पेलतो. सेकंदाला १० पल्स पुरेत. सरासरी करंट २४ मिलिअँपिअर येतो, म्हणून सप्लायची मर्यादा १०० मिलिअँपिअरवर ठेवा. पल्स देणारा मायक्रोकंट्रोलर हँग होऊन मॉसफेटचे गेट चालू राहिले तर एलईडी वाचतात ते या मर्यादेमुळे.

मे महिन्यात खोली चाळिशीच्या पुढे गेली तरी तरंगलांबी सरकल्याची धास्ती नको, अंशाला जेमतेम ०.३ नॅनोमीटर, रुंद वर्णपटाचा हाच फायदा. उष्णतेने प्रकाश मात्र घटतो, म्हणून पट्ट्यांमागे थर्मल पेस्ट लावा.

मागचा आरसा सपाट, आउटपुटचा ५०० मिमी त्रिज्येचा अंतर्गोल, मध्ये १०० मिमी. कार्डाला १ मिमीचे भोक पाडून त्यातून लाल पॉइंटरचा किरण रॉडच्या मधोमध सोडा. आधी मागचा, मग पुढचा आरसा असा फिरवा की परतलेला ठिपका त्याच भोकात बसेल. इथे घाई केलीत तर पुढचे दोन दिवस गेले समजा.

पल्स देण्याआधी ८१० आणि १०६४ नॅनोमीटर दोन्हींसाठीचा चष्मा घाला. हा प्रकाश दिसत नाही, पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचा पडदा जळतो.

आउटपुटसमोर १००० नॅनोमीटरच्या वरचेच पास करणारा फिल्टर आणि त्यामागे सिलिकॉन फोटोडायोड ठेवा. फिल्टरशिवाय एलईडीचाच प्रकाश लेसर म्हणून फसवतो. ऑसिलोस्कोपवर नुसता गुळगुळीत उंचवटा दिसला तर ते फक्त प्रतिदीपन, म्हणजे रॉडचा साधा उजेड, लेसर नव्हे. लेसर सुरू झाला की त्यावर सुयांसारखे काटे उभे राहतात, वरच्या हिशेबाने पल्स सुरू झाल्यावर साधारण १०० मायक्रोसेकंदांनी. काटे १५० च्या पुढे सरकले तर तोटा वाढला आहे: आधी रॉडची टोके ॲसिटोनने भिजवलेल्या लेन्स टिश्यूने एकाच दिशेने पुसा, मगच आरशांच्या स्क्रूला हात लावा.